साकवाचा इंजिनेर कोण?

दुर्गा घाडी रागीट होती, हे पोयंडीत कुणाला सांगावं लागत नसे. तिच्या स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, तिने भटजींना बजावलं होतं, "वायच बेगीन म्हणा, माणसां उन्हात उभी आसत." अंतरपाटापलीकडे नवरदेव विश्राम खुदकन हसला होता. पुढची वीस वर्षं तो तसाच हसत राहिला. दोघांच्या वाट्याचा राग एकटी दुर्गाच करते, असं वाडीतली माणसं म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

विश्राम टपाल वाटायचा. पोस्ट खाडीच्या अलीकडे, वरच्या पोयंडीत. त्याचं घर आणि तीन वाड्या पलीकडे. मध्ये साकव. दगडी खांबांवर सिमेंटच्या लाद्या टाकलेला, दोन माणसं अंग चोरून एकमेकांच्या बाजूने जातील एवढाच रुंद. तो झाल्याला दहा वर्षं झाली होती. त्याआधी बाबली तारवाल्याच्या तरीतून, म्हणजे होडीतून, जावं लागे.

पंच्याऐंशी सालच्या माघात, एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला साकवाचा मधला गाळा विश्रामसकट खाली आला. पाऊस नव्हता, पूर नव्हता, उधाण नव्हतं. आभाळ स्वच्छ, ओहोटी लागलेली, खाडीत गुडघाभर पाणी. दुर्गा तेव्हा भाताच्या तरव्यात भाजावळीसाठी तोडलेल्या फांद्यांची कवळं पसरत होती. आवाज आला तेव्हा तिला वाटलं, कुठेतरी सुरुंग लावला. मग बाबलीची हाक आली आणि ती हातातला आकडा टाकून धावली.

विश्राम खडकावर उताणा पडला होता. उजव्या पायावर लादी. बाबलीने आणि आणखी चौघांनी पहारी लावून लादी उचलली. जीपगाडीतून देवगड, तिथून कोल्हापूर. कोल्हापूरला डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. दुर्गा दीड महिना दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपली. तिथे ती रडली नाही. रडायला बसलं की राग निघून जाईल अशी तिला भीती वाटत होती, आणि राग तिला घरी न्यायचा होता.

आषाढ लागता लागता चौकशीचा कागद आला. विश्राम टपाल खात्याचा माणूस म्हणून त्याची एक प्रत पोस्टात आली. पोस्टमास्तर गणपत लोके यांनी दुर्गाला बोलावून घेतलं, चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"सदर साकव गतवर्षीच्या अतिवृष्टीमुळे कमकुवत झालेला असून, अपघातसमयी सदर इसम क्षमतेपेक्षा जादा भार वाहून नेत असल्याने मधला गाळा निखळला. सबब सदर घटना नैसर्गिक आपत्ती समजण्यात यावी."

"मास्तरानू, भार म्हणजे?"

"ओझं गो. वजन."

"कसला वजन? तेच्या खांद्यार काय होता?"

"टपालाची पिशवी." मास्तर खाली बघत म्हणाले. "दुसरं काय असणार?"

दुर्गा चौथी शिकलेली बाई. सरकारी मराठी तिला परक्या गावातल्या पाहुण्यासारखी वाटे; ओळख नाही, पण घरात शिरून बसलेली. आता मात्र त्या तीन ओळींतला शब्दन् शब्द तिला लख्ख कळला. साकव पडला तो विश्राममुळे. विश्राम जड झाला म्हणून.

"तागडी काढा," ती म्हणाली.

"अगो, पण—"

"पार्सलां मोजतात ती तागडी काढा, मास्तरानू. त्या दिवसाचा टपाल तुमच्या वहीत लिवलेला आसा मां? पत्रां किती, पार्सलां किती? तेवढा तेवढाच पिशवेत भरा आणि मोजा."

मास्तरांनी मोजलं. एकेचाळीस पत्रं, चार मासिकं, दोन पार्सलं, वर कॅनव्हासची पिशवी. चार किलो दोनशे ग्रॅम. आता हे लिहून द्या म्हटल्यावर मात्र मास्तर चाचरले. मी सरकारी माणूस, तेही सरकारी खातं, सरकारने सरकारविरुद्ध कसं लिहायचं? दुर्गाने पोस्टाच्या उंबऱ्यावर बैठक मारली. लोक येत, तिला ओलांडून पाकिटं घेत आणि विचारत, काय झालं? ती मोठ्याने सांगे. दुपारी तीन वाजता मास्तरांनी कागद लिहिला आणि वर पोस्टाचा गोल शिक्का मारला.

घरी विश्राम पडवीत भिंतीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोड गो. पाय काय परत येतलो?"

"पायाचा माका सांगा नको. पाय गेलो तो गेलो. पण तुझ्या वजनान साकव पडलो, ह्या कागदार रवता नये. उद्या तू मेलंस तरी तो कागद रवतलो."

"रवलो तर रवलो. वाचता कोण?"

"मी वाचलंय मां!" दुर्गा ओरडली. परसातल्या कोंबड्या फडफडत बाजूला झाल्या.

साकव कुणी बांधला, हे गावात विचारलं तर जो तो म्हणे, "इंजिनेरान." कुठल्या? "कणकवलीच्या." एवढीच माहिती घेऊन दुर्गा भर पावसात एस.टी.ने कणकवलीला उतरली. स्टँडवर एका पानवाल्याला तिने विचारलं, "इंजिनेर खंय बसता?" त्याने हात केला डेपोच्या वर्कशॉपकडे.

तिथे एका बसच्या पोटाखाली एक माणूस निजला होता. हाक मारल्यावर बाहेर आला तो कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. शंकर नेरुरकर. डेपोतले इंजिनियर.

"साकव तुमी बांधलास?" दुर्गाने थेट विचारलं.

"माय गे! मी नाय. मी गाड्यांचो इंजिनेर."

"इंजिनेर म्हणजे इंजिनेर मां?"

नेरुरकर हसले. दुर्गा हसली नाही. "हसाक काय झाला? घोवाचो पाय गेलो माझ्या."

त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी हात पुसले, तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगायला लागले. कुणी इतकं नीट समजावून सांगण्याची दुर्गाच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

"बघा वयनी. डॉक्टर डोळ्यांचो वेगळो आणि हाडांचो वेगळो आसता का नाय? तसा ह्या. जा हलता, फिरता, धावता, त्येचो मी. इंजिन, गिअर, ब्रेक, पंप. आमका मेकॅनिकल म्हणतत. थय समोर विजेची कचेरी आसा, थयले ते खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर बघतत. तुमच्या घरात बल्ब पेटता तो त्येंच्यामुळे. टेलिफोनवाले त्येंच्यातलेच, पण त्येंचा काम वेगळा. खत, रंग, साखर, असल्या कारखान्यात केमिकलवाले. बोटी बांधणारे आणिक वेगळे. आणि जा हलना नाय, एका जाग्यार उभा रवता, रस्तो, पूल, धरण, घर, नळाचा पाणी, त्येचो तो सिव्हिल. तुमका तो व्हयो."

"हलना नाय त्येचो?"

"हा."

"मगे तो साकव हललो कसो?"

नेरुरकरांनी कपबशी खाली ठेवली. "ह्याच विचारूचा," ते म्हणाले. "पण असा नुसता विचारलास तर ते तुमका कागद दाखवतले. माझ्याकडे गाडीचो पाटो तुटलो तर डायवर म्हणता रस्तो वायट, मालक म्हणता डायवर वायट. मी कोणाचा ऐकनंय नाय. मी तुटलेलो पाटो हातात घेतंय. लोखंड खयसून तुटला, जुना गंजलेला होता की नवा फाटला, ता दिसता. इंजिनेराचा खरा काम ताच. कोण वायट ता नाय, कित्याक तुटला ता शोधूचा. तुमच्या साकवाचे तुकडे खंय आसत?"

"खाडयेत. पडले थयच."

"मगे आज हय थांबा नको. पावसाचो गाळ इलो काय तुकडे गडप. आधी ते धरा."

दुर्गा सिव्हिलचं तोंडही न बघता परत फिरली. वाटभर तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. चौकशी करणारे साहेब आले होते, जीपमधून उतरले होते, साकवाच्या तोंडाशी उभे राहून छत्रीखाली लिहून गेले होते. खाली खाडीत कुणीही उतरलं नव्हतं. बसच्या पोटाखाली निजणाऱ्या त्या टकल्या माणसाला जे सुचलं, ते त्यांना सुचलं नाही? की सुचलं म्हणूनच उतरले नाहीत?

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला ती बाबलीला घेऊन चिखलात उतरली. डोक्यावर पाऊस, खाली मांडीपर्यंत रेंदा. लादीचा एक मोठा ढलपा बाबलीने दोरीने ओढून काठावर घेतला. बाबलीच्या हातातून घण घेऊन तिने स्वतःच घाव घातला. दहा वर्षांचं सिमेंट शिळ्या भाकरीसारखं फुटलं. आतली सळी जिथे बोटाएवढी जाड असायला हवी होती तिथे ती उदबत्तीच्या काडीएवढी उरली होती, आणि हात लावल्यावर तिचे तांबडे पापुद्रे पडत होते.

पण दुर्गाचं लक्ष सळीकडे नव्हतं. फुटलेल्या सिमेंटच्या अगदी पोटात, चारी बाजूंनी घट्ट धरलेली, एक पांढरी चकती दिसत होती. तिने नखाने खरवडलं. कालवणात घालतात त्या तिसरीचा शिंपला. अख्खा, अंगठ्याच्या नखाएवढा. बाजूला आणखी तुकडे होते.

"बाबल्या," ती सावकाश म्हणाली, "तिसऱ्यो नदीत गावतत रे?"

"ह्या! गोड्या पाण्यात तिसरी खंयची जगता? तिका खारा पाणी लागता."

"मगे ही सिमिटाच्या पोटात कशी इली?"

उत्तर दुर्गाला आलं होतं. नदीची वाळू इथून तीस मैल. खाडीची वाळू साकवाखालीच. ठेकेदाराने तीच फावड्याने ओढून कालवली होती. मिठाच्या बरणीत पळी विसरली तर आठ दिवसांत तिचं काय होतं, हे कोकणातल्या कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. इथे लोखंडाच्या सळ्या दहा वर्षं मिठात घालून ठेवल्या होत्या, आणि वरून माणसं चालत होती.

तो ढलपा फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन दुर्गा पुन्हा कणकवलीला गेली. या वेळी बरोबर कचेरीत. तिथे कारकुनाने सांगितलं, ही शाखा रस्त्यांची, साकव पलीकडे. पलीकडे सांगितलं, ही पाटबंधाऱ्यांची, तुम्ही वर जा. वरती एका टेबलाशी तिशीच्या आतला एक सडपातळ माणूस नकाशावर पट्टी ठेवून बसला होता. सत्यवान घाडीगावकर, कनिष्ठ अभियंता. हलना नाय त्याचा.

"साकव कोणी बांधलो?" तिने फडकं टेबलावर आपटलं. नकाशावर चिखल उडाला.

"बाई, तो साकव पंचाहत्तर सालचा आहे. मी तेव्हा शाळेत होतो."

"मी तुका तेव्हाचा विचारनंय नाय. कोणी बांधलो?"

सत्यवानने तिला सांगायचा प्रयत्न केला. पूल एक माणूस बांधत नाही. एक जण खाडीची मापं घेतो, तळ खडकाचा की गाळाचा ते बघतो. दुसरा, लांब शहरातल्या कचेरीत, किती वजन येणार, किती सळी लागणार याचं गणित करून नकाशा काढतो. तिसरा प्रयोगशाळेत सिमेंट, वाळू तपासतो. कनिष्ठ अभियंता जागेवर उभा राहून काम करून घेतो. उपअभियंता ते तपासतो. त्याच्यावरचे सही करतात.

दुर्गा बोटांवर मोजत ऐकत होती. "म्हणजे बांधूक सा जण. आणि पडल्यार एकय नाय?"

सत्यवानने फडकं सोडलं. ढलपा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात फिरवला. शिंपल्यावर त्याचा अंगठा थांबला. इतका वेळ कचेरीतलं मराठी बोलणारा तो माणूस एकदम घरच्या भाषेत पुटपुटला, "ही वाळू खाडयेची."

"कागदार कसली आसा?"

"कागदार नदीची."

"मगे लिवन दी."

"मी नाय लिवू शकनंय, काकी." त्याचा आवाज खाली गेला. "ज्येंनी सही केलेली, ते आज माझ्या सायबाचे सायब आसत. माझी नोकरी दोन वर्सांची."

दुर्गाने त्याच्याकडे असं बघितलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बाहेर गेला. "तुझा शिक्षान कोणी केल्यान?"

"आवशीन. काजी विकून."

"तिका जावन सांग, तू हलना नाय त्येचो इंजिनेर झालंस म्हणान. खरोच हलना नाय तू."

ती दार ओलांडणार, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "बेस्तरवारी मोठे सायब येतत. तेव्हा येवा. ढलपो घेवन येवा."

गुरुवारी ती गेली. साहेब भारी पँट घातलेले, शांत बोलणारे. दुर्गाने टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: मास्तरांचा शिक्क्याचा कागद, मोजून भरलेली टपालाची पिशवी आणि ढलपा.

"उचलून बघा," ती पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली. रागात असली की ती मुद्दाम शुद्ध बोलायची. "या वजनाने तुमचा साकव पडला. चार किलो दोनशे ग्रॅम. त्याच साकवावरून लग्नाची वऱ्हाडं गेली, गणपती गेले. तेव्हा नाही पडला."

साहेबांनी पिशवी उचलली नाही. ढलप्याकडे बघून म्हणाले, "बाई, खाडीच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजतंच. त्याला इलाज नाही."

"हवेने गंजतं. पण हवेने तिसरी आत गेली काय?"

 साहेबांनी ढलपा जवळ ओढला. बराच वेळ बघितला. मग दाराशी उभ्या असलेल्या सत्यवानला, नजर न उचलता, विचारलं, "तुमचं काय मत?"

 

"साहेब, वाळू खाडीची आहे," सत्यवान म्हणाला. "न धुतलेली."

महिन्याभराने सुधारलेला कागद आला. मास्तर पोस्टाबाहेर येऊनच वाचायला लागले. 'जादा भार' हे शब्द गेले होते. नैसर्गिक आपत्तीही गेली होती. तिच्या जागी लिहिलं होतं, 'बांधकाम साहित्याच्या दर्जाबाबत निश्चित मत देता येत नाही.' मास्तरांना वाटलं, ही आता पेढे वाटील.

"निश्चित मत देवक येना नाय म्हणजे काय?" दुर्गा कडाडली. "तिसरी हातात दिलंय त्येंच्या! आणिक काय व्हया होता, टोपली भरून देवक?"

सही करणाऱ्याला काही झालं नाही. ठेकेदारालाही नाही. पुढच्या वर्षी नवा साकव मंजूर झाला तेव्हा कामाच्या पाटीवर नाव त्याच ठेकेदाराच्या धाकट्या भावाचं होतं. पाटी वाचून दुर्गा ती उपटायला निघाली. बाबलीने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

एव्हाना विश्रामचं टपाल तीच वाटायला लागली होती. बदली माणूस म्हणून खात्याने तिला ठेवलं होतं. रोज सकाळी तरीतून खाडी ओलांडायची, पिशवी घ्यायची, परत यायचं, आणि जाता-येता बांधकामाशी थांबायचं. जागेवर नेमला होता सत्यवान. कुणी म्हणे शिक्षा म्हणून, कुणी म्हणे त्याने मागून घेतलं. दुर्गाने विचारलं नाही. तिला दुसरंच विचारायचं असे. ही सळी कडेला इतकी टेकली कित्याक? वर सिमेंट किती येणार? हे चौकोनी ठोकळे कसले?

सत्यवान सांगे. सळीवर दोन बोटं तरी सिमेंट पाहिजे, नाहीतर खारी हवा आत शिरते. ठोकळे त्याच मिश्रणाचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्राखाली चिरडून बघायचे, किती दाबाला फुटतात ते.

"फोडूक करतास?"

"फोडल्याशिवाय कळणार कसा?"

हे मात्र तिला पटलं. पण तिने तसं कबूल केलं नाही.

माघात एका दुपारी सत्यवान जामसंड्याला जेवायला गेलेला असताना एक ट्रक आला आणि वाळू ओतून निघाला. दुर्गा तरीतून उतरत होती. ढिगाचा रंग बघून ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून ढिगावर चढली, चिमूटभर वाळू तोंडात टाकली आणि बाजूला उभ्या असलेल्या धाकट्या ठेकेदाराच्या पायाशी थुंकली.

"खारी."

"ए बाई, तू टपालवाली. टपाल वाट."

"बाबल्या, जामसंड्याक सायकल मार. त्या इंजिनेराक सांग, जेवचा अर्धा टाक आणि ये."

सत्यवान तासाभरात आला. वाळू जिभेवर ठेवली. ठेकेदार त्याच्या खांद्यावर हात टाकून, हसत, मऊ आवाजात बोलत होता: साहेबांना मी ओळखतो, पावसाआधी काम संपवायचं आहे, बदलीच्या यादीत नाव जायला काय वेळ लागतो.  दुर्गाला सगळं ऐकू येत होतं. या वेळी ती एक शब्दही बोलली नाही, आणि गप्प राहणं तिला घण उचलण्यापेक्षा जड गेलं.

सत्यवानने खांद्यावरचा हात काढला. जागेवरच्या वहीत उभ्यानेच लिहिलं: वाळू नाकारली, काम बंद. आणि ठेकेदारापुढे वही धरली. "सही करा. वाचलंत म्हणून."

नदीची वाळू यायला चाळीस दिवस लागले. त्या चाळीस दिवसांत दुर्गाला गावाने जेवढं बोलून घेतलं तेवढं ठेकेदारालाही कधी बोलून घेतलं नव्हतं. शेजारची आनंदी तरीत सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या जिभेमुळे आमी अजून तरीत बसतोंव. वाळू खारी की गोडी, हिका काय करूचा?"

"तुझो घोव धडधाकट चलता, म्हणान तुका गोडी लागता," दुर्गा म्हणाली. "चलूक देत. मी त्येचेसाठीच भांडतंय, समाजलंस?" त्यानंतर दोघी वर्षभर बोलल्या नाहीत.

वैशाखात साकव पुरा झाला. सत्यवानने त्यावर वाळूची पोती रचली, खाली घड्याळासारखं काट्याचं यंत्र लावलं आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दुसऱ्या दिवशी काटा बघून म्हणाला, तीन मिलिमीटर वाकला.

"वाकलो?" दुर्गा काट्याशी धावली. "मगे?"

"वाकणारच, काकी. वजन पडल्यार सगळाच वाकता. पोती काढल्यार परत उठता काय ता बघूचा." पोती काढली. काटा परत आला. मुकादमाने नारळ फोडला. सत्यवान वाळूवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

जूनमध्ये त्याची बदली झाली, चंद्रपूरकडे. दुर्गाने त्याला आमसुलांची पुडी दिली आणि शिव्याही दिल्या, त्याला कमी, त्याच्या साहेबांना जास्त. "परत येशीत?" तिने विचारलं. "बघया," तो म्हणाला. तो परत आला नाही. दोन वर्षं दिवाळीला त्याचं पत्र आलं. ते तिने स्वतःच्या पिशवीतून स्वतःच्या घरी आणलं. कोळशाच्या खाणीजवळ रस्ता करतोय, असं त्यात लिहिलं होतं.

सारा गाव नव्या साकवावरून जायला लागला. एकटा विश्राम सोडून. कुबड्या घेऊन तो काठापर्यंत जाई, कठड्याला हात लावी आणि मागे वळून बाबलीला हाक मारी. एका माणसासाठी बाबली तर काढी.

"मी घसा फोडून बांधून घेतलंय तो," दुर्गा तणतणे. "वाळू खाल्लंय मी! आणि तू तरीत बसतंस?"

"साकव बरो आसा गो," विश्राम शांतपणे म्हणे. "माकाच बरा वाटणा नाय."

यावर तिला अधिकच राग येई. साहेबांशी भांडता येतं, ठेकेदाराशी येतं. या माणसाच्या भीतीशी कुठल्या कचेरीत जाऊन भांडायचं? एकदा तिने त्याला हाताला धरून ओढत नेलं. तिसऱ्या पावलावर तो इतका थरथरायला लागला की तिनेच त्याला उचलल्यासारखं करून मागे आणलं, आणि घरी येऊन चूल पेटवताना ती पहिल्यांदा रडली. रडतानाही ती शिव्याच देत होती. कुणाला, ते विश्रामला कळलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्यानंतर बाबलीने तर विकली. गुडघे धरले होते त्याचे. त्यानंतरच्या सोमवारी दुर्गा टपाल वाटून, रिकामी पिशवी घेऊन वरच्या पोयंडीत निघाली होती, तेव्हा वाटेत आनंदी भेटली. वर्षाचा अबोला कधीच संपला होता.

"तुझो घोव पोस्टात बसलोहा," आनंदी म्हणाली. "मास्तरांवांगडा च्या पिता."

"खयसून गेलो?"

"साकवावरसून. एकटो. अर्धो तास लागलो त्येका. आमी बघत होतोंव."

दुर्गाने पिशवी तिथेच कट्ट्यावर ठेवली. मग पुन्हा उचलली आणि जवळजवळ धावतच पोस्ट गाठलं. विश्राम बाकावर बसला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात कपबशी. तिला बघून तो हसला, अगदी अंतरपाटापलीकडे हसला होता तसा नव्हे, जरा घाबरून.

"एकटो कित्याक इलंस?" ती गरजली. मास्तरांच्या हातातला शिक्का खाली पडला. "घसरलो असतंस तर? माका सांगूक काय झाला होता? कठडो धरलंस तरी?"

"धरलंय गो."

"दोनय हातांनी?"

"दोनय हातांनी धरलो तर कुबडी कोण धरतलो?"

मास्तर हसू दाबायला आत गेले. दुर्गाने दोन दिवस विश्रामशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पण ताट आपटून. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, उद्या परत जायचं आहे काय? तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, आठ वाजता तयार रव, मी पाठसून येतलंय, पण हात धरूचंय नाय.